चक्रीवादळे : नोंद, आठवण आणि इशारा



फरीदाबाद हे दिल्लीच्या दक्षिणेस, यमुनेच्या पश्चिम अंगास वसलेले कारखान्यांचे शहर आहे. समुद्र येथून इतका दूर की भरती आणि ओहोटी हे शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर उच्चारण्याचा प्रसंग येथील रहिवाशावर क्वचितच येतो. उन्हाळ्यात येणारी धुळीची आंधी आणि त्यानंतरचा मोसमी पाऊस एवढीच वादळवाऱ्याची ओळख या मुलखाला असते. अशा ठिकाणी चक्रीवादळाविषयी बोलणे काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु १९ मे २०२१ हा दिवस आठवला म्हणजे ही शंका उरत नाही. त्या दिवशी राजधानीच्या सर्व परिसरावर संथ, अखंड पाऊस पडत राहिला. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पुढील सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ११९.३ मिलीमीटर पावसाची नोंद झाली आणि मे महिन्यातील पूर्वीचे सर्व उच्चांक मागे पडले. ज्या महिन्यात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास असावयाचा, त्या महिन्यात दिवसाचे कमाल तापमान १६ अंश सेल्सियसपर्यंत खाली आले. १९५१ नंतर मे महिन्यात इतका थंड दिवस दिल्लीने पाहिला नव्हता.

या पावसाचे मूळ अरबी समुद्रात होते. दोनच दिवसांपूर्वी, १७ मेच्या रात्री, 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ दीव आणि उना यांच्या दरम्यान सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले होते. जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला, पण त्याने सोबत आणलेली वाफ ओसरली नाही. ती राजस्थानावरून ईशान्येकडे सरकली, वायव्येकडून येणाऱ्या वातविक्षोभाशी तिची गाठ पडली आणि समुद्राचे पाणी फरीदाबादच्या गच्च्यांवर पावसाच्या रूपाने उतरले. ज्या वादळाने येथे उकाड्यापासून सुटका केली, त्याच वादळाने मुंबईच्या पश्चिमेस खोल समुद्रात एक तराफा बुडविला. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांच्या निवासाचा तो तराफा होता. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून त्यांपैकी बहुतेकांना वर काढले, तरी सत्तराहून अधिक माणसे परत आली नाहीत. वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिला गेला होता. मग ही माणसे समुद्रात का राहिली, हा प्रश्न केवळ त्या एका दुर्घटनेपुरता नाही. चक्रीवादळांचा सारा इतिहास वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारीत आलेला आहे.

प्रथम चक्रीवादळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंशांच्या वर असेल, तर तेथून मोठ्या प्रमाणावर वाफ वर जाते. ही वाफ उंचावर थंड होऊन तिचे पाण्यात रूपांतर होते तेव्हा तिच्यात दडलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी तापते, आणखी वर जाते आणि खाली समुद्रसपाटीवर हवेचा दाब कमी होतो. भोवतालची हवा त्या कमी दाबाकडे धाव घेते. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ केंद्राकडे जाऊ शकत नाही. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने केंद्राभोवती फिरू लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, म्हणजे सुमारे पाच अंशांच्या आत, हा परिणाम फारच क्षीण असतो. म्हणून तेथे चक्रीवादळे सहसा जन्म घेत नाहीत.

वादळ चांगले बळावले म्हणजे त्याच्या मध्यभागी 'डोळा' तयार होतो. या डोळ्यात वारा जवळजवळ पडलेला असतो आणि कधीकधी आकाशही दिसते. त्याच्या भोवतीच्या ढगांच्या भिंतीत मात्र वाऱ्याचा वेग सर्वाधिक असतो. डोळा माथ्यावरून जात असताना वादळ संपले असे समजून घराबाहेर पडलेली माणसे थोड्याच वेळात उलट दिशेने येणाऱ्या वाऱ्यात सापडली, असे अनेक वादळांत घडले आहे.

आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचे हंगाम दोन आहेत : मोसमी पावसाच्या आधीचे एप्रिल ते जूनचे दिवस, आणि पाऊस परतल्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस. ऐन पावसाळ्यात खालच्या थरातील वारे नैर्ऋत्येकडून आणि वरच्या थरातील वारे पूर्वेकडून जोराने वाहतात. अशा परस्परविरोधी वाऱ्यांत वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही, तो वाकून मोडतो. पावसाळ्यातील साध्या वादळी वाऱ्यापासून चक्रीवादळ निराळे काढले पाहिजे ते यासाठीच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती घटना मराठी माणसाच्या मनात आजही आहे. पण ती बोट बुडाली पावसाळी समुद्राच्या लाटांत, चक्रीवादळात नव्हे. याउलट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत दिसेनाशी झाली, ती मात्र चक्रीवादळामुळे. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक उतारू तिच्याबरोबर नाहीसे झाले.

चक्रीवादळात माणसे मरतात ती मुख्यतः वाऱ्याने, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. सर्वाधिक बळी घेते ते समुद्राचे पाणी. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला तर पाण्याची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने चढते, पण हा भाग लहानच म्हटला पाहिजे. खरे काम वारा करतो. तो पाण्याला किनाऱ्याकडे लोटतो आणि समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खाली परत जाण्यास वाव राहत नाही. मग ते भिंतीसारखे वर चढत जमिनीवर येते. त्याच वेळी भरती असली तर संकट दुणावते. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग उथळ आहे, नरसाळ्यासारखा निमुळता आहे, आणि त्याच्या माथ्यावर गंगा व ब्रह्मपुत्रा यांनी आणून टाकलेली सखल, दाट वस्तीची जमीन आहे. जगातील सर्वाधिक मनुष्यहानी करणारी चक्रीवादळे बहुतांशी येथेच झाली, याचे कारण या भूगोलात आहे.

इंग्रजीतील 'सायक्लोन' हा शब्दही याच प्रदेशात तयार झाला. हेन्री पिडिंग्टन हा एके काळचा दर्यावर्दी कलकत्त्यास स्थायिक झाला होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या जमवून, वाऱ्याची दिशा आणि वेळ यांची तुलना करून त्याने ही वादळे चक्राकार फिरतात हे दाखविले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सूचित करणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव घडविले आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले. पुढे सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा सरकारचा विचार सुरू झाला, तेव्हा पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरलना पत्र लिहून सावध केले की, एखाद्या दिवशी वादळाबरोबर येणारे समुद्राचे पाणी या वसाहतीस गिळून टाकील. पत्र दप्तरात राहिले आणि पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळ आले व पाणी बंदरात शिरले. काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन हे पाहण्यास हयात नव्हता, तो १८५८ सालीच मरण पावला होता.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्ता आणि हुगळीच्या मुखाजवळचा प्रदेश एका भीषण वादळाने उद्ध्वस्त केला होता. त्यात सुमारे ६०,००० माणसे गेली असे मानले जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंध्र किनाऱ्यावरील मछलीपट्टणम येथे तसाच अनर्थ झाला. या आघातांनंतर कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू करण्यात आली. ही वादळे आणि त्यानंतर पडलेले दुष्काळ यांचा परिणाम म्हणून १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. खाते स्थापन होऊन एक वर्ष होते न होते तोच, ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री, आजच्या बांगलादेशातील बाकरगंज भागात वादळ आले. त्यातील मृतांची संख्या सुमारे दोन लाख धरली जाते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पाण्यात बुडून मेले, तर बाकीचे पाणी ओसरल्यावर पटकीने आणि उपासमारीने मेले. वादळ एका रात्रीत जाते, परंतु त्याचा मृत्यूचा हिशेब कित्येक महिने चालू राहतो, हे बाकरगंजने दाखवून दिले.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, त्याच किनाऱ्यावर भोला बेटाच्या परिसरात आलेल्या वादळाने किमान तीन लाख माणसांचा बळी घेतला. त्या वेळी आकाशात उपग्रह होते, वादळ येत असल्याचे दिसलेही होते. पण सखल बेटांवरच्या माणसांपर्यंत नेमका इशारा पोचला नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांना जाण्यास उंच, पक्की जागा नव्हती. आपत्तीनंतरच्या मदतीतील दिरंगाईने पूर्व पाकिस्तानातील जनता संतप्त झाली. डिसेंबरात झालेल्या निवडणुकीत अवामी लीगला मोठे बहुमत मिळाले आणि पुढच्याच वर्षी बांगलादेश जन्मास आला. या क्रांतीची कारणे अनेक होती. परंतु त्यांत एक कारण वादळाचे होते, हे इतिहासकार नाकारीत नाहीत.

आता एका वेगळ्या बाजूकडे वळले पाहिजे. वादळांच्या इतिहासात जे घडले ते विसरले जाते, तसेच जे घडले नाही ते लक्षात राहते. ऑक्टोबर १७३७ च्या कलकत्त्यातील वादळात तीन लाख माणसे मेली, असे जुन्या ग्रंथांतून दीर्घकाळ छापले जात होते. कलकत्त्याची त्या वेळची वस्ती या आकड्याच्या आसपासही नव्हती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. मुंबईची कथा तर याहून विलक्षण आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ येऊन एक लाखाहून अधिक माणसे मेली, असे विधान जगातील प्राणघातक वादळांच्या अनेक याद्यांत आढळते. या विधानाची तपासणी अलीकडे ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या संशोधनात भारतीय हवामानशास्त्रज्ञांचाही सहभाग होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी निष्कर्ष काढला की, असे वादळ झालेच नव्हते.

या निष्कर्षाची सत्यता मराठी वाचकाला घरबसल्याही पडताळता येईल. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख माणसे मेली असती तर दर आठ माणसांमागे एक गेला असता. १८९१ च्या जनगणनेत ही संख्या ८,२१,७६४ झाली, म्हणजे घटली नाही, वाढली. त्या काळी मुंबईत रेल्वे होती, तारायंत्र होते, इंग्रजी व देशी वृत्तपत्रे होती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. पुण्यात 'केसरी' सुरू होऊन दीड वर्ष झाले होते. कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये मुंबईत शिक्षा झाली आणि त्यांना डोंगरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. सहा आठवड्यांपूर्वी ज्या शहरात लाख मुडदे पडले, त्या शहरात न्यायालये, तुरुंग आणि छापखाने असे नित्याप्रमाणे चालू राहिले असते, हे संभवत नाही.

मग न झालेल्या वादळाची चर्चा कशासाठी? ती यासाठी की, खोटी आठवण ही विस्मृतीइतकीच घातक ठरते. एकदा १८८२ चे वादळ मनात घर करून बसले म्हणजे 'असे संकट शंभर-दीडशे वर्षांतून एकदा येते' असा हिशेब मनुष्य करू लागतो, आणि मधल्या काळात आलेल्या वादळांची दखलच घेत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले तेव्हा मुंबईजवळ शतकात प्रथमच वादळ येत आहे, असे सर्वत्र बोलले गेले. वस्तुतः २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मुंबईला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' हे वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले होते, आणि त्यात समुद्रावर गेलेल्या कोकणातील मच्छिमारांचे प्राण गेले होते. ज्या वाडीतला माणूस परतला नाही त्या वाडीला हे साल सांगावे लागत नाही. शहराला मात्र ते सांगावे लागते.

'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. तेरा देशांनी मिळून तयार केलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतील ते पहिले नाव. हे वादळ दुपारी रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन आणि दिवेआगर यांच्या परिसरात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. करोनाची साथ जोरात असताना हजारो माणसांना किनाऱ्यावरून हलवून शाळांत व सार्वजनिक इमारतींत ठेवावे लागले. मृतांची संख्या फार थोडी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी अशा बातमीवर कोणी विश्वास ठेवला नसता. प्रशासनाचे आणि हवामान खात्याचे हे यश निर्विवाद आहे.

परंतु दुसऱ्या दिवशी दिवेआगरच्या वाडीत उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसले, याचाही विचार केला पाहिजे. घराचे कौल आणि पत्रे उडाले होते. विजेचे खांब आडवे झाले होते, आणि कित्येक गावांत वीज परत येण्यास अनेक आठवडे लागले. वाडीतील नारळ व सुपारीची झाडे मुळासकट उलथून एकमेकांवर पडली होती. भाताचे पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. सुपारीचे किंवा माडाचे रोप लावले तर उत्पन्न हाती येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात, आणि आजोबांनी लावलेल्या बागेचा भर यायला त्याहून अधिक. सरकारी मदतीचा हिशेब हेक्टरवर होता. कोकणातील वाडी मात्र बहुधा काही गुंठ्यांची असते, आणि त्या गुंठ्यांत झाडे दाट असतात. हेक्टरच्या मापाने अशा कुटुंबाच्या पदरात फार थोडे पडले असते. तक्रारी झाल्यावर पुढे झाडागणिक मदत देण्याचे ठरले. माणूस वाचविण्याचे शास्त्र बरेच पुढे गेले आहे, वाचलेल्या माणसाला उभे करण्याचे शास्त्र मात्र अजून बाल्यावस्थेत आहे, असे यावरून म्हणता येईल.

ही प्रगती कशी झाली, हे ओडिशाच्या उदाहरणावरून चांगले कळते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मेली. इशारा दिलेला होता, पण निवारे नव्हते आणि माणसांना हलविण्याची यंत्रणा नव्हती. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्के, उंच निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, दरवर्षी तालमी घेतल्या. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे अतितीव्र वादळ आले तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वादळ तेच, समुद्र तोच. बदलला होता तो इशारा आणि माणूस यांच्यामधील रस्ता.

पश्चिम किनाऱ्याला असा धडा अद्याप पुरता गिरवावा लागलेला नाही. अरबी समुद्रात वादळांचे प्रमाण बंगालच्या उपसागराच्या मानाने पूर्वीपासून कमी होते. ते साधारणपणे एकास चार असे धरले जाई. पण हा समुद्र आता तापत आहे. २०१९ या एकाच वर्षी येथे पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी 'क्यार' हे महाचक्रीवादळाच्या पातळीस पोचले, आणि ते शमते न शमते तोच 'महा' हे दुसरे वादळ त्याच समुद्रावर उठले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकले. त्याने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील आंब्याचे ऐन हंगामात नुकसान केले आणि कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदविला गेला. वादळाचे केंद्र तेव्हा शहरापासून बरेच दूर, समुद्रात होते. समुद्र बुजवून वाढलेल्या, सखल भागात लाखो झोपड्या असलेल्या मुंबईवरून ते सरळ गेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर देण्यासाठी १८८२ च्या कल्पित वादळाची गरज नाही.

आपल्या बंदरांवर वादळाच्या सूचनेसाठी बावटे लावण्याची जुनी पद्धत आहे. दिवसा विशिष्ट आकारांच्या खुणा व रात्री दिवे लावून या सूचना दिल्या जातात. कोकणातला कोळी 'तीन नंबरचा बावटा लागला' असे म्हणतो तेव्हा खराब हवा बंदराजवळ येण्याचा संभव आहे, असे त्याला समजते. पहिले दोन बावटे दूरच्या समुद्रावरील वादळाचे, तिसरा व चौथा स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे असतात. शेवटचा अकरावा बावटा मात्र वादळाची दिशा वा जोर सांगत नाही. इशारा देणाऱ्या केंद्राशी असलेला संपर्क तुटला आहे, एवढेच तो सांगतो. आणि हवामानशास्त्राने त्याचे स्थान महाधोक्याच्याही वर ठेवले आहे.

या क्रमात मोठे शहाणपण आहे. पिडिंग्टनचे पत्र दप्तरात पडले तेव्हा, भोला बेटावर रात्र उतरली तेव्हा, पारादीपला निवारे नव्हते तेव्हा आणि तराफ्यावरची माणसे समुद्रात राहिली तेव्हा, प्रत्येक वेळी वादळाची माहिती कोणाला ना कोणाला होती. तुटलेला होता तो जाणणारा आणि सोसणारा यांच्यातील दुवा. समुद्र थंड ठेवणे आज कोणा एका गावाच्या हाती नाही. पण खरे काय घडले त्याची नोंद ठेवणे, खोटे आकडे गाळणे, इशारा शेवटच्या घरापर्यंत पोचविणे आणि त्या घराला जाण्यासाठी पक्की जागा बांधणे, या गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत. फरीदाबादसारख्या शहरात बसून हे म्हणणे सोपे आहे. परंतु मे महिन्यातील त्या थंड, ओल्या दिवशी येथे पडलेले पाणीही कोकणच्या किनाऱ्यावरूनच आलेले होते, एवढे तरी येथील रहिवाशाने लक्षात ठेवावे.